जुन्या लोखंडाला नवा रंग

पावसाळा सरला आणि उन्हे स्वच्छ पडू लागली, की घराघरांतून रंगरंगोटीचे बेत सुरू होतात. भिंतींचा रंग कोणता असावा यावर कुटुंबात आठ-आठ दिवस खल चालतो. खिडक्यांचे गज, जिन्याचा कठडा, अंगणाचे फाटक, माळ्यावरून उतरवलेली आजोबांच्या वेळची लोखंडी खाट यांच्या वाट्याला मात्र एवढा विचार येत नाही. रंगाचा एक डबा आणि एक ब्रश आणावा, रविवारी सकाळी मुलांच्या हाती पॉलिश पेपर द्यावा, त्यांनी हसतखेळत जुना रंग घासून काढावा आणि दुपारपर्यंत सारे चकचकीत व्हावे, अशी आपली साधी कल्पना असते.

वाचकहो, या कल्पनेतील शेवटचा भाग निर्दोष आहे. पण मुलांच्या हाती पॉलिश पेपर देण्याचा भाग तेवढा मनातून काढून टाकावा, अशी विनंती करण्यासाठी हा लेख आहे. जुन्या लोखंडाला रंग देणे हे घरच्या घरी करता येण्याजोगे, थोड्या खर्चाचे आणि समाधान देणारे काम आहे. त्यात धोका आहे तो नव्या रंगापेक्षा जुन्या रंगाचा. तो कसा ओळखावा, कसा हाताळावा आणि मग नवा रंग टिकेल अशा रीतीने कसा द्यावा, हे क्रमाने पाहू.

लोखंड का गंजते?

लोखंडाला पाणी आणि हवेतील प्राणवायू ही दोन्ही एकत्र भेटली की गंज चढतो. पाण्यात मीठ असले तर ही क्रिया अधिक वेगाने होते. म्हणूनच रत्नागिरी, पणजी, कोची किंवा पुरी येथील गज जितक्या लवकर खातात, तितक्या लवकर जयपूर किंवा नागपूर येथील खात नाहीत. गंज हा मूळ लोखंडापेक्षा कित्येक पट अधिक जागा व्यापतो. त्यामुळे तो आतून फुगतो, वरच्या रंगाला फोड आणतो, आणि गज जेथे दगडात किंवा काँक्रीटमध्ये रुतलेला असतो तेथे तो दगडालाही तडा देतो. गंजाचा थर सच्छिद्र असल्यामुळे तो खालच्या लोखंडाचे रक्षणही करीत नाही. उलट ओलावा धरून ठेवतो.

येथे कोणी दिल्लीतील मेहरौलीच्या लोहस्तंभाचा दाखला देईल. सुमारे सोळाशे वर्षे उन्हापावसात उभा असलेला तो स्तंभ रंगावाचून टिकला, मग आपल्या गजांनाच रंग कशाला? याचे उत्तर असे, की त्या घडीव लोखंडात फॉस्फरसचे प्रमाण बरेच आहे. त्याच्या योगाने पृष्ठभागावर एक पातळ, घट्ट असे संरक्षक पटल तयार झाले आहे, आणि दिल्लीच्या कोरड्या हवेची त्याला साथ मिळाली आहे. आपल्या खिडकीच्या गजांना असे देणे लाभलेले नाही. रंगाचे कवच हेच त्यांचे संरक्षण.

जुन्या घरांतील लोखंड दोन प्रकारचे असते, हेही लक्षात ठेवावे. सळ्या, पट्ट्या आणि साध्या जाळ्या वाकवता येणाऱ्या, नरम लोखंडाच्या असतात. नक्षीदार कठडे, वेलबुट्टीचे कंस, जिन्याचे खांब हे पुष्कळदा बिडाचे, म्हणजे साच्यात ओतलेल्या लोखंडाचे असतात. १८६० नंतरच्या दशकात मुंबईत उभारलेल्या वॉटसन हॉटेलच्या इमारतीचा सांगाडा असा ओतीव लोखंडाचा होता आणि तो इंग्लंडहून आणला होता. बीड वजन उत्तम पेलते, पण ते ठिसूळ असते. त्यावरील गंज काढण्यासाठी हातोडीने ठोकले तर पान-फूल तुटून हाती येते आणि ते पुन्हा जोडणे सामान्य कारागिराला जमत नाही. बिडावर हातोडी उगारू नये, हा पहिला नियम.

जुन्या रंगात काय असते?

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. रंगात शिशाची संयुगे मिसळण्याची प्रथा फार जुनी आहे. पांढऱ्यासाठी सफेदा, पिवळ्यासाठी शिशाचे क्रोमेट, आणि लोखंडावरच्या पहिल्या हातासाठी शेंदूर. होय, आपल्या ओळखीचा शेंदूर हा मुळात शिशाचाच एक प्रकार. तो जवसाच्या उकळलेल्या तेलात, म्हणजे रंगाऱ्यांच्या भाषेत बेलतेलात, कालवून पूल, जहाजे आणि फाटके यांवर वर्षानुवर्षे लावला गेला. शिशामुळे रंग लवकर वाळतो, झळाळतो आणि हवापाण्याला तोंड देतो. गुण खरे होते; किंमत मात्र माणसांनी मोजली.

रंगाऱ्यांना जडणारे विकार पाहून जिनिव्हा येथील आंतरराष्ट्रीय श्रम परिषदेने १९२१ सालीच सफेद्याच्या वापरावर बंधने घालणारा करार संमत केला होता. अमेरिकेने घरगुती रंगातील शिशावर १९७८ साली बंदी आणली. भारतात यासंबंधीचे नियम २०१६ साली झाले आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. त्यांनुसार घरगुती आणि सजावटीच्या रंगात दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक शिसे असता कामा नये. याचा व्यवहारातील अर्थ सरळ आहे. आपल्या घरातील लोखंडावर त्या तारखेपूर्वीचा रंग असेल, तर त्यात शिसे आहे असेच धरून चालावे. निव्वळ डोळ्यांनी ते ओळखता येत नाही. पिवळा, नारिंगी, हिरवा असे भडक रंग, आणि सर्वांत खाली दिसणारा शेंदरी थर, यांविषयी विशेष सावध असावे.

शिसे शरीराला कोणत्याही कामाचे नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते शिशाची निर्धोक अशी कोणतीही मात्रा ज्ञात नाही. लहान मुलांच्या पोटात गेलेले शिसे मोठ्या माणसांच्या तुलनेत चार ते पाच पट अधिक प्रमाणात शोषले जाते, आणि ते वाढत्या मेंदूवर आघात करते. बुद्धी, एकाग्रता, वागणूक यांवर त्याचा परिणाम होतो, आणि झालेली हानी सहसा भरून येत नाही. गर्भवतीच्या रक्तातील शिसे गर्भापर्यंत पोहोचते. यात कठीण गोष्ट ही, की थोड्या मात्रेत कोणतेही ठळक लक्षण दिसत नाही. मूल हसते, खेळते, आणि नुकसान होत राहते.

प्रमाणाची कल्पना यावी म्हणून एक लहानसा हिशेब करू. जुन्या रंगात समजा केवळ एक टक्का शिसे आहे. अशा रंगाचे एक ग्रॅम पोपडे, म्हणजे चिमूटभर, घेतले तर त्यात १०,००० मायक्रोग्रॅम शिसे असते. मुलाच्या १०० मिलिलिटर रक्तात ५ मायक्रोग्रॅम किंवा अधिक शिसे आढळले, तर त्याचा उगम शोधून तो दूर करावा, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली सांगितले. दोन वर्षांच्या मुलाच्या अंगात सुमारे एक लिटर रक्त असते. त्या मानाने ही मर्यादा साऱ्या रक्तात ५० मायक्रोग्रॅमची झाली. पोटात गेलेले सगळे शिसे रक्तात उतरत नाही आणि राहत नाही, हे खरे. तरीही ५० आणि १०,००० या दोन आकड्यांतील अंतर विसरण्याजोगे नाही.

आणि खिडकीचे गज कोणाच्या तोंडाच्या उंचीवर असतात? नुकतेच उभे राहू लागलेले मूल गज धरूनच रस्ता पाहते, दात शिवशिवू लागले की गजच चावते. खाटेच्या कडेचेही तेच. म्हणून गजांवरील सुटलेले पोपडे हा केवळ शोभेचा प्रश्न राहत नाही.

जुना रंग काढावा की ठेवावा?

यावर बहुतेकांचे उत्तर 'सगळा काढावा' असे असते. माझे मत वेगळे आहे. जुना रंग जेथे घट्ट बसलेला आहे तेथे तो राहू द्यावा. धडधाकट थराखाली बंद असलेले शिसे सहसा उपद्रव करीत नाही. ते धूळ होऊन उडते तेव्हा उपद्रव करते. जेवढे सुटले आहे, फुगले आहे, तेवढेच काढावे, आणि बाकीच्यावर नव्या रंगाचे पांघरूण घालावे.

कोणत्या भागाला काय हवे, हे आधी ठरवा. नखाने किंवा बोथट पत्रीने हलके ढकलून पाहा. रंग हलला नाही, तर तो भाग केवळ धुवावयाचा आहे. पोपडा उचलला गेला, तर तो भाग खरवडावयाचा आहे. आणि सारी वस्तूच पोपड्यांनी भरली असेल, शिवाय घरात सहा वर्षांखालील मूल किंवा गर्भवती स्त्री असेल, तर हे काम स्वतः न करता जाणत्या कारागिराला सांगावे आणि त्या दिवसांत मुलांना नातलगांकडे ठेवावे. खाट, खुर्ची अशी हलवता येणारी वस्तू मुले असलेल्या घरात वापरातूनच काढली, तरी फारसे बिघडत नाही. पाळणा असेल तर तसेच करावे.

सुरक्षित खरवडण्याची रीत

तीन गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात. जुना रंग कोरडा घासू नये. त्यावर स्टोव्हची ज्योत किंवा ब्लो लॅम्प धरू नये, कारण तीव्र उष्णतेने शिशाची वाफ होते व ती श्वासावाटे आत जाते. विजेवर फिरणारी घासणी लावू नये, कारण ती काही मिनिटांत खोलीभर बारीक धूळ पसरवते.

योग्य रीत ओल्याची आहे. कामाच्या जागेखाली जाड प्लॅस्टिक अंथरावे. खिडकी असेल तर आतून आणि बाहेरून दोन्हीकडे. खोलीतील कपडे, भांडी, अंथरुणे बाहेर काढावीत, दार बंद ठेवावे, पंखा लावू नये. नाकावर रुमाल बांधून भागत नाही; बारीक धूळ अडवणारा एन-९५ मुखवटा औषधाच्या दुकानात मिळतो, तो नाकाशी घट्ट बसेल असा लावावा. साबणाचे थोडे पाणी फवाऱ्याच्या बाटलीत भरून रंगावर शिंपडावे, तो भिजू द्यावा, आणि सुटा भाग पत्रीने हळूहळू उचलावा. तारेचा ब्रश वापरायचा तर तोही ओल्या पृष्ठभागावरच. खरवडलेल्या भागाच्या कडा पाण्यात चालणाऱ्या काळ्या पॉलिश पेपरने, ज्याला दुकानात वॉटर पेपर म्हणतात, घासून गुळगुळीत कराव्यात. घट्ट रंगावरही असाच हलका हात फिरवावा. चकाकी मोडली म्हणजे नवा रंग त्याला धरतो.

काम चालू असताना तेथे खाऊ-पिऊ नये, विडी-सिगारेट ओढू नये. झाल्यावर पोपडे ओले असतानाच प्लॅस्टिकसह आत घडी घालून पिशवीत बांधावेत आणि आपल्या नगरपालिकेच्या घातक घरगुती कचऱ्याच्या व्यवस्थेत द्यावेत. ते तुळशीवृंदावनात, परसात किंवा विहिरीजवळ झाडून टाकू नयेत. माती शिसे सोडत नाही. फरशी कोरडी झाडू नये. साबणाच्या पाण्याने दोनदा पुसावी आणि दर वेळी पाणी बदलावे. कपडे वेगळे धुवावेत, आणि मुलाला जवळ घेण्यापूर्वी स्नान करावे.

जे आपल्या घरासाठी, तेच आपल्या घरी येणाऱ्या रंगाऱ्यासाठी. तो रोज हे काम करतो, तोंडाला फडके बांधून करतो, आणि संध्याकाळी तीच धूळ अंगावर घेऊन आपल्या मुलांकडे जातो. त्याला मुखवटा, हात धुण्यास साबण-पाणी आणि कपडे बदलण्यास जागा द्यावी, कोरडे घासू नकोस म्हणून सांगावे, आणि ओल्या कामाला वेळ अधिक लागतो म्हणून मजुरीही अधिक द्यावी. हा खर्च रंगाच्या डब्याइतकाच आवश्यक समजावा.

अस्तर आणि रंग

खरवडलेले लोखंड स्वच्छ पाण्याने धुवावे. समुद्राकाठी तर हे अगत्याचे, कारण मिठाचा अंश राहिला तर नव्या रंगाखाली पुन्हा गंज सुरू होतो. मग ते कोरडे पुसून, उन्हात पुरते वाळवून, टर्पेंटाइनच्या फडक्याने तेलकटपणा काढावा. उघडे लोखंड रात्रभर तसेच ठेवू नये. त्याच दिवशी अस्तराचा हात द्यावा.

अस्तरासाठी रेड ऑक्साइड प्रायमर सर्वत्र मिळतो. त्याचा विटकरी रंग लोहाच्या ऑक्साइडचा असतो. शेंदराशी त्याचे नाते नाही. जस्ताच्या फॉस्फेटचे प्रायमरही चांगले. झिंक क्रोमेटचे मात्र घरात वापरू नये, कारण त्यातील क्रोमियम कर्करोगाला कारण होऊ शकते. घरगुती रंगांसाठीचे नियम कारखानी रंगांना तसेच लागू नाहीत. तेव्हा कारखान्यातून उरलेला स्वस्त डबा कोणी देऊ केला तरी घेऊ नये. डब्यावर शिशाच्या मर्यादेचा उल्लेख आणि उत्पादनाची तारीख पाहूनच घ्यावा. माळ्यावर पडून असलेला जुना डबा तर उघडूच नये.

रंग कडांवरून ओसरतो आणि तेथे पातळ राहतो. गंजाची सुरुवात बहुधा तेथूनच होते. म्हणून लहान ब्रशाने आधी कडा, सांधे, आणि गज चौकटीत शिरतो ती खाच रंगवावी, मग सपाट भाग. अस्तर वाळल्यावर खड्डे लांबीने भरावेत, ओल्या पॉलिश पेपरने सारखे करावेत, आणि मग तैलरंगाचे दोन पातळ हात द्यावेत. एक जाड हात वरून वाळतो, आतून ओला राहतो आणि सुरकुततो. पहिल्या हातानंतर एक रात्र जाऊ द्यावी. रंग वरून खाली आणावा आणि खाली साचलेला थेंब लगेच उचलावा.

रंग किती लागेल? १२ मिलिमीटर जाडीचे आणि १.२ मीटर उंचीचे दहा गज घेतले, तर त्यांचा सारा पृष्ठभाग अर्ध्या चौरस मीटरहूनही कमी भरतो. एक लिटर रंग एका हाताला सुमारे दहा चौरस मीटर पुरतो असे धरले, तर दोन हातांना शंभर मिलिलिटरही लागत नाहीत. मोठा डबा आणून निम्मा वाळवण्यापेक्षा लहान डबा घ्यावा. बेलतेलाने किंवा तेलाच्या रंगाने माखलेल्या चिंध्यांचा गोळा करून कोपऱ्यात टाकू नये. तो आपोआप तापून पेट घेऊ शकतो. चिंध्या बाहेर पसरून वाळवाव्यात.

ऋतूचे गणित

आपला देश विस्तीर्ण. एकच तिथी सर्वांना लागू पडत नाही. महाराष्ट्र, गोवा, गुजरात, मध्य प्रदेश येथे दिवाळीच्या सुमारास हवा अनुकूल होते. तमिळनाडूच्या किनाऱ्यावर त्याच दिवसांत पाऊस असतो. तेथील वाचकांनी जानेवारीनंतरचा काळ निवडावा. बंगालमध्ये हिवाळ्याचे कोरडे दिवस बरे. हिमाचल, काश्मीर येथे थंडीत रंग वाळत नाही. मे-जूनमधील उघडीप पाहावी. कोठेही असा, पहाटेचे दव लोखंडावर असताना काम सुरू करू नये आणि भर दुपारी तापलेल्या गजालाही ब्रश लावू नये. सकाळी दव उडून गेल्यानंतरचे दोन-तीन तास सर्वांत चांगले.

त्यानंतर दर वर्षी एवढेच करावे. पावसाळ्यानंतर एकदा सारे लोखंड धुऊन पुसावे, खाचांत साचलेली धूळ काढावी, आणि कोठे फोड आला असेल तर तेवढ्याच जागेला ओले खरवडून अस्तर व रंग द्यावा. वाटाण्याएवढ्या फोडाला वेळीच हात लागला, तर पुन्हा सारा गज खरवडण्याची पाळी येत नाही.

घरात पूर्वी कोणी जुना रंग कोरडा घासला असेल आणि त्या वेळी लहान मूल तेथे वावरले असेल, तर घाबरून न जाता डॉक्टरांना तसे सांगावे. रक्तातील शिशाची तपासणी करता येते. दरम्यान मुलाचे हात जेवणापूर्वी धुवावेत, आणि त्याच्या आहारात नाचणी, दूध, पालेभाज्या, कडधान्ये असू द्यावीत. लोह आणि कॅल्शियम यांची उणीव असलेल्या मुलांच्या शरीरात शिसे अधिक शोषले जाते.

गजांना कोणता रंग द्यावा, हिरवा की करडा, ते आपण आपल्या घरी खुशाल ठरवा. तेवढे करण्यापूर्वी मात्र फवाऱ्याची बाटली भरून ठेवा, आणि मुलांना त्या सकाळी आजीबरोबर बागेत पाठवा.